स्वतःचा ट्रेलर, लोखंडाची भाडी: पहिल्या वर्षाचा हिशेब

लोखंडाच्या भाड्यावर ट्रेलर टाकायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टनाला किती सुटतात? जानेवारी 2024 मध्ये मीही तिथूनच सुरुवात केली. आता वही समोर ठेवून सांगतो, टनाचा दर हा निम्माच प्रश्न आहे. गाडी महिन्यातून किती वेळा भरते, परत येताना भरून येते का आणि राहिलेली बाकी कधी हातात पडते, यावर घर चालतं. गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी हे लिहितोय. दहा गाड्यांच्या शेठचं गणित वेगळं असतं.

महाराष्ट्रात लोखंडाचा माल मुख्यतः डोलवी, खोपोली, तारापूर, वाशिंद इथले कारखाने, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि जालन्याच्या रोलिंग मिल यांतून निघतो. कारखान्यातून कॉइल, म्हणजे गुंडाळलेला पत्रा, आणि सुटा पत्रा, जालन्यातून सळई. मी पेण-खोपोली पट्ट्यातून चाकणकडे जाणारी कॉइल धरली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतलं आणि माल बारमाही. शिवाय चाकण-रांजणगावला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने असल्यामुळे पत्र्याची मागणी सहसा तुटत नाही.

गाडी कोणती, हे वजनावर ठरतं. जुलै 2018 मध्ये केंद्राने ॲक्सलवर (चाकांच्या आडव्या दांड्यावर) चालणारं वजन वाढवलं. तेव्हापासून दोन ॲक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि मागे तीन ॲक्सलचा ट्रेलर, म्हणजे अठरा टायरची गाडी, एकूण 45.5 टनांवर पास होते. पुढचा ॲक्सल 7 टन, घोड्याचा मागचा 11.5 आणि ट्रेलरचे तीन मिळून 27. रिकामी गाडी साडेचौदा टनांच्या आसपास भरते, म्हणजे मालाला साधारण 31 टन उरतात. बावीस टायरची 55 टनांची गाडी जास्त माल नेते, पण तिची किंमत, टायर आणि डिझेलही जास्त. 25 ते 28 टनांच्या एकट्या कॉइलसाठी अठरा टायर पुरते, असं माझं मत आजही आहे.

2021 ची बीएस-6 गाडी ट्रेलरसकट 28 लाखांत ठरली. 8 लाख पदरचे, 20 लाखांचं कर्ज, 14 टक्के व्याज, 48 हप्ते. हप्ता 54,650 रुपये. जुन्या घोड्याची तपासणी कुठलाही चांगला मिस्त्री करून देतो, ट्रेलरकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्याला खालून बघा. पुढचा भाग जिथे मानेसारखा वर चढतो तिथे मुख्य बीमला तडे किंवा वेल्डिंगचे ठिगळ आहेत का? रिकामा असताना ट्रेलरच्या पाठीला मध्ये थोडा उंचवटा हवा. पाठ सपाट असेल किंवा खाली झुकलेली असेल, तर तो ट्रेलर जादा वजनाखाली राबलेला आहे. किंगपिन, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणारा खिळा, नवा असताना 50.8 मिलिमीटर असतो. झिजून 49 च्या घरात आला असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. टायर एका बाजूने खाल्लेले असतील तर ॲक्सल सरळ नाही किंवा बुश गेलेत. आणि ट्रेलरचं आरसी बुक वेगळं असतं. त्यावरचा चॅसी नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघा.

कागदपत्रांत फेब्रुवारी पूर्ण गेला. गाडी पिंपरी-चिंचवडच्या पासिंगची आणि माझा पत्ता पनवेलचा, म्हणून आधी तिकडची एनओसी (फॉर्म 28), जुन्या फायनान्सचा बोजा उतरवायला फॉर्म 35, नावावर करायला 29 आणि 30, नव्या कर्जाचा बोजा चढवायला 34. घोडा आणि ट्रेलर दोन्हींसाठी हे सगळं वेगवेगळं. जुन्या मालकाची ई-चलनं थकली होती. ती भरल्याशिवाय एनओसी पुढे सरकेना. म्हणून बयाणा देण्याआधीच दोन्ही नंबर ई-चलनाच्या पोर्टलवर टाकून बघा आणि थकलेली रक्कम सौद्यातून कापा. गाडी उभी आणि हप्ता चालू, हे दिवस जिवाला फार लागतात. शक्य असेल तर कर्जाचा पहिला हप्ता महिनाभर पुढचा मागून घ्या.

इन्शुरन्स नावावर करायला विक्रीपासून 14 दिवसांची मुदत असते. ती चुकवू नका, कारण थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. 40 टनांवरच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 2024 मध्ये 44,242 रुपये होता. स्वतःच्या नुकसानीचा भाग आणि कर धरून वर्षाला 95,000 च्या आसपास गेले. नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500 आणि ऑथोरायझेशनचे 1,000. फिटनेस आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांनी. लायसन्सवर जड मालवाहू वाहनाची नोंद चालू आहे ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

मार्चअखेर गाडी रस्त्यावर उतरवण्याजोगी झाली. पण कारखान्याच्या फाटकावर जाऊन माल मागता येत नाही. माल उचलायचा ठेका मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे असतो आणि त्याच्याकडे गाडी अटॅच करावी, म्हणजे त्याच्या कामावर लावावी लागते. त्यांना लागलेले कागद: दोन्ही आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, पॅन, रद्द केलेला चेक, लायसन्स आणि पोलीस पडताळणी. दोन कागद मागितले नाहीत तरी द्याच. पहिला, दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्यांचा मालक असल्याचं पॅनसहित घोषणापत्र. आयकराच्या नियमाप्रमाणे (तेव्हाचं 194सी कलम) ते दिलं की भाड्यातून टीडीएस कापत नाहीत, नाहीतर बिलामागे एक टक्का अडकतो. दुसरा, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. ती असेल तर बाकी 45 दिवसांत मिळण्याचा हक्क कायद्याने मिळतो. लहान मालक त्यावरून भांडायला जात नाही हे खरं, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की हिशेबनीस ते बिल तळाशी घालत नाही, असा अनुभव आहे. जीएसटी नंबरची गरज पडली नाही. बिल्टी (मालाची वाहतूक पावती) ट्रान्सपोर्टर फाडतो, आपण त्याला फक्त गाडी भाड्याने देतो आणि त्यावर जीएसटी लागत नाही.

मग कारखान्याची सुरक्षा तपासणी. हेल्मेट, सेफ्टी बूट, चमकणारं जाकीट, रिव्हर्स हॉर्न, चाकाखाली लावायचे ठोकळे, न फाटलेले मडगार्ड, मागचा लोखंडी आडबार, लाल-पांढऱ्या चमकपट्ट्या. यातलं एकही नसेल तर गाडी फाटकातून परत येते आणि नंबर पुन्हा शेवटी लागतो. आवारातलं प्रशिक्षण ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही घ्यावं लागतं.

लोडिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. 25 टनांची कॉइल म्हणजे दीड मीटरच्या जागेवर पंचवीस टन. ती चार हात पुढे ठेवली की काट्यावर एकूण वजन बरोबर येतं, पण घोड्याचा मागचा ॲक्सल 11.5 टनांच्या वर जातो. हिशेब असा: रिकाम्या ट्रेलरचे अडीच टन किंगपिनवर आधीच असतात, घोडा स्वतः सात टनांचा. पुढच्या दोन ॲक्सलची मर्यादा 18.5 टन, म्हणजे कॉइलचं जास्तीत जास्त नऊ टन वजन किंगपिनवर यायला हवं. त्यासाठी किंगपिनपासून मागच्या तीन ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि कॉइलचा मध्य त्याच्या दोन तृतीयांशावर आणायचा. माझ्या ट्रेलरला हे अंतर साडेसात मीटर आहे, म्हणजे किंगपिनच्या मागे पाच मीटर. तिथे बीमवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे. क्रेनवाला वरून ओरडतो, "दादा, बघा, ठेवू का इथंच?" त्याला घाई असते. रेघ दाखवली की वाद होत नाही.

कॉइल थेट लोखंडी पाठीवर कधीच घेऊ नका. लोखंडावर लोखंड घसरतं, त्यात पत्र्याला तेल लावलेलं असतं. खाली रबरी मॅट किंवा जाड लाकडी सॅडल हवाच. मधलं भोक बाजूला करून ठेवलेली कॉइल ब्रेक मारताना केबिनकडे लोळायला बघते, म्हणून पुढच्या बाजूचे पाचर जास्त रुंद आणि बोल्टने पक्के बसवलेले हवेत. भोकातून किमान चार साखळ्या: दोन पुढे ओढलेल्या, दोन मागे, टर्नबकलने (साखळी ताणायच्या पेचाने) आवळलेल्या. साखळी जिथे कॉइलच्या कडेवर वळते तिथे कॉर्नर गार्ड लावा. नसेल तर कड चेपते आणि उतरवणारी पार्टी डेबिट नोट (नुकसानीच्या वजावटीची चिठ्ठी) काढते. पंधरा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळा आणि बोरघाट चढायच्या आधी आणखी एकदा. लाकूड दबतं, मॅट बसते, साखळी सैल होते. दर वेळी होते.

जादा वजनाची भीड घालणारे लोक भेटतातच: "दोन टनांनी काय होतंय?" मोटार वाहन कायद्याच्या 194 कलमाखाली जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आणि माल उतरवून घेण्याचा खर्च तुमचाच. त्या दोन टनांचं भाडं मात्र 1,300 रुपये. त्यात अपघात झाला तर जादा वजनाचं कारण पुढे करून क्लेम अडतो.

रस्त्यावरचा महत्त्वाचा कागद ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर बनवलेला परवाना. 200 किलोमीटरपर्यंत त्याची मुदत एक दिवस, म्हणजे बनवलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. चाकणला पोहोचायला ती भरपूर आहे, पण पार्टीच्या फाटकाबाहेर रांगेत उभं राहून संपू शकते. मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ट्रान्सपोर्टर ती वाढवू शकतो, तेव्हा रात्रीच फोन करा. 25 टन पत्र्यावरचा 18 टक्के कर दोन लाखांच्या वर जातो आणि पकडलं तर दंड कराच्या दुप्पट असतो. तो मिटेपर्यंत गाडी अडकते. घोडा बिघडून दुसरा जोडला तर बिलात गाडीचा नंबर बदलून घेतल्याशिवाय हलू नका.

आता पैसा. एका फेरीचा हिशेब 2024 च्या पावसाळ्याआधीच्या भावाने, जाऊन-येऊन 240 किलोमीटर, येताना रिकामी.

भाडं 28 टनांना 650 प्रमाणे 18,200 रुपये. भरलेली गाडी घाट धरून लिटरला अडीच किलोमीटर देते, रिकामी चार. म्हणजे 78 लिटर डिझेल, 7,100 रुपये. डीईएफ (बीएस-6 इंजिनच्या धुरासाठी लागणारं द्रावण) 250. टोल दोन्ही बाजूंचा 3,000. क्लीनर आणि जेवण 1,200. काटा, वाराई (चढाई-उतराईची हमाली), लाकूड-साखळीची झीज मिळून 900. हे झाले रोख 12,450. हातात 5,750 राहिल्यासारखे वाटतात आणि फसगत इथेच होते. अठरा टायर 21,000 प्रमाणे पावणेचार लाखांचे. ते 80,000 किलोमीटर चालतात, पुढचे दोन सोडून बाकीचे रिमोल्ड केले (जुन्यावर नवं रबर चढवलं) की आणखी 40,000. पुढच्या टायरला रिमोल्ड कधीच नको. किलोमीटरला चार रुपये टायरचे, दोन रुपये ब्रेक, क्लच, ग्रीस, सर्व्हिसिंगचे. 240 किलोमीटरचे 1,440 रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर फेरीमागे खरे उरतात 4,310.

महिन्याचा बांधील खर्च: हप्ता 54,650, इन्शुरन्स 8,000, परमिट-टॅक्स-फिटनेस 3,000, पार्किंग आणि बाकी किरकोळ 2,000. एकूण 67,650. याचा अर्थ येताना रिकामं यायचं असेल तर सोळा फेऱ्यांना गाडी नुसती स्वतःपुरतं कमावते. मालक स्वतः स्टिअरिंगवर असला तरी त्याचा पगार धरायलाच हवा. बाहेर 25,000 मिळाले असते तर तेवढे धरा. मग फेऱ्या बावीस लागतात. लोडिंगला एक दिवस आणि खाली करायला अर्धा-पाऊण दिवस जात असेल तर महिन्यात बावीस फेऱ्या बसतच नाहीत. टनाला पन्नास रुपये वाढवून मागण्यासाठी माणसं तासभर वाद घालतात. त्या पन्नासाचे फेरीला 1,400 होतात. एक दिवस वाया गेला तर बांधील खर्चच 2,250 चा बसतो, मालकाचा पगार धरला तर 3,000 च्या वर.

खरी कमाई परतीच्या भाड्यात आहे. चाकण-तळेगावहून पनवेल-उरणकडे मशिनरीच्या पेट्या, रिकामे रॅक, रिकामे कंटेनर यांचं 7,000 पर्यंत भाडं मिळतं. जादा डिझेल आणि हमाली 2,000 गेली तरी 5,000 सुटतात. कंटेनरसाठी ट्रेलरला ट्विस्ट लॉक (कंटेनर जखडणारी कुलपं) हवेत. जुना ट्रेलर घेताना हे बघा, नंतर बसवणं महागात जातं. सोळा फेऱ्यांपैकी दहांना परती मिळाली तर महिन्याअखेर 51,000 च्या आसपास उरतात, त्यातच मालकाचा पगार. हा चांगला महिना. परतीसाठी मात्र हद्द ठरवा: संध्याकाळपर्यंत माल भरला नाही तर रिकामं निघायचं. 5,000 च्या आशेवर दीड दिवस उभं राहिलं की कॉइलची पुढची फेरी हातची जाते.

वाराईवरून प्रत्येक ठिकाणी बोलणं होतं. 'ज्याचा माल त्याचा हमाल' हे सगळे वाहतूकदार म्हणतात आणि ते रास्तच आहे, पण गाडी अडल्यावर 300 रुपयांसाठी तीन तास घालवणं मालकाला परवडत नाही. म्हणून भाडं ठरवतानाच चढाई-उतराई कुणाची, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. डिटेन्शनचंही, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या भरपाईचंही, तसंच. चोवीस तासांनंतर दिवसाला किती, हे आधी लिहिलेलं असेल तरच मिळतं. फाटकावर पोहोचल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ पोहोचपावतीवर शिक्क्यानिशी घ्या. नुसत्या सहीला हिशेबात कुणी विचारत नाही.

अटॅच गाडीचं बिल पंधरवड्याला लागतं आणि पैसे तीस ते पंचेचाळीस दिवसांनी येतात. बाजारातल्या सुट्या भाड्याला ऐंशी-नव्वद टक्के ॲडव्हान्स मिळतो, पण दलाली कापून, आणि बाकी पोहोच दिल्यावर. सोळा फेऱ्यांचे रोख खर्चच दोन लाख होतात, शिवाय हप्ता. म्हणजे गाडीच्या 8 लाखांखेरीज अडीच लाख खेळते हवेत. नसतील तर पंपाची उधारी घ्यावी लागते. ती ट्रान्सपोर्टरच्या चिठ्ठीवर मिळते आणि मग तो देईल त्या दराने त्याचाच माल भरावा लागतो. एप्रिल ते जून ही ओढाताण सगळ्यात जास्त जाणवली. रात्री झोप लागत नसे, आणि वहीत येणं दिसत असताना खिसा रिकामा असणं काय असतं ते तेव्हा कळलं.

पावसाळ्यात दोन गोष्टी बदलतात. गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेल्या) कॉइलवर पाणी अडकलं की पांढरा गंज चढतो आणि सगळी कॉइल नाकारली जाऊ शकते. त्यामुळे दोन ताडपत्र्या, वरची कॉइलच्या खाली वळवून बांधलेली. ताडपत्रीखाली कॉइल कोरडी असल्याचा फोटो निघतानाच काढा. दुसरं, बांधकामं थंडावतात आणि सळईचं भाडं पडतं. जालन्याची सळई 12 मीटरची असते आणि चाळीस फुटी ट्रेलर 12.19 मीटरचा, म्हणून सरळ सळईला आपलीच गाडी लागते. पण टोक बाहेर आलं तर तेही 20,000 चं कलम. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आणि जालन्याची फेरी वेळेत बसू लागली. टोल मात्र आधी भाड्यात धरा. सळई वजनावर विकली जाते, त्यामुळे दोन काट्यांत फरक आला की तूट भाड्यातून, मालाच्या भावाने कापतात. दोन्ही काट्यांच्या पावत्या ठेवा, आणि मधे डिझेल भरलं असेल तर त्याचीही. 200 लिटर डिझेल म्हणजे जवळपास 170 किलो.

मार्च 2025 ला वर्ष पुरं झालं. आयकरासाठी सीएंनी 44एई कलम सुचवलं: 12 टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला 1,000 रुपये उत्पन्न धरलं जातं. 45.5 टनांवर वर्षाचे 5,46,000. नव्या कररचनेत त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर लागत नव्हता, म्हणून भरायचं काही आलं नाही आणि पुढच्या कर्जासाठी रिटर्न तयार झालं. खरा नफा यापेक्षा कमी आहे असं दाखवायचं असेल तर पूर्ण वह्या आणि ऑडिट लागतं, त्याची फी धरा. रिटर्न भरण्याआधी ट्रान्सपोर्टरने टीडीएस कापलाय का ते 26एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या तक्त्यात) बघा. घोषणापत्र देऊनही कापलेला असेल, तर परतावा त्याच रिटर्नमध्ये मागता येतो.